उलटी काडी

लोडशेडिंग चारचं. लाइट गेली पावणेचारला,
कॉम्प्युटर स्वतःशीच काहीतरी लिहीत होता तेव्हा.
साडेसहाला आली, तर काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
अमुक फाइल बिघडली आहे किंवा सापडत नाही.
मी मराठीत सांगतेय. त्याने इंग्रजीत सांगितलं,
आणि मग गप्प.

शालिमारचा दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारू, ताई,
पाचशे रुपये, नवाकोरा होऊन जाईल.
मला नवाकोरा नको होता.
आत तीनशे बारा बायकांची मापं होती,
सिडकोतल्या, अंबडच्या, पार देवळालीपर्यंतच्या.
कुणाची बाही कोपरापर्यंत,
कुणाचा मागचा गळा लाजेपुरता.

तबस्सुम द्वारक्याला क्लासमध्ये शिकवते.
तिच्या निकाहचे सहा ड्रेस माझ्या मशीनवरचे.
रात्री दहानंतर तिने फोनवर सांगायला घेतलं,
मी रिसिव्हर मानेत धरून एका बोटाने टाइप करायला.
कॉपी. स्पेस. सी. दोन टिंबं. उलटी काडी.
उलटी म्हणजे कुठे कललेली गं?
"डावीकडे डोकं टेकवून झोप लागलेली, मावशी."

एक स्पेस राहिली की अख्खी ओळ उसवायची,
पुन्हा पहिल्या टाक्यापासून.
अशा पाच फायली. एकीचं नाव सॅम,
एकीचं सिक्युरिटी, वॉचमनच्या खिशावर असतं तसं.
तबस्सुम म्हणाली, सामान घरातच आहे,
कुठे ठेवलंय ते विसरलाय तो. ते ह्या पाचांत असतं.

साडेअकराला उठला.
हिरवी टेकडी, निळं आभाळ,
विकत आणला त्या दिवशी होतं तेच,
आणि माझं नाव विचारलं.
तीन वर्षं रोज समोर बसलेय मी त्याच्या.

मापांची फाइल होती. उघडलीही.
पण मराठी फॉन्ट त्याला आता ठाऊकच नव्हता.
नावांच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं,
डॉलर, अर्धे कंस, उद्गारचिन्हं.
आकडे तेवढे जसेच्या तसे.

छाती अडतीस, खांदा साडेचौदा,
उजवा दंड डाव्याहून पाऊण इंच जास्त:
वैजयंता वाघचौरे. एकोणीस वर्षं
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गठ्ठे उचलले.
कंबर सव्वीस, मग एकोणतीस, मग चौतीस, मग पुन्हा तीस:
क्षीरसागरांची धाकटी सून, आणि मधे तिचा मुलगा.
डावा टक्स शून्य, अस्तर दुहेरी.
हिचं नाव मी फोनवरही घेतलं नाही.
तबस्सुम पलीकडे ऐकत होती.
मध्येच म्हणाली, हे कोण वाचतंय, मावशी, तुम्ही का तो?

मग म्हणाली, थांबा, झालं नाही अजून.
हा पहिल्या दिवशीचा आहे. मंगळवारचा आणू.
लपवलेल्या कप्प्यात मंगळवार घडी करून ठेवलेला होता,
त्याने स्वतःच, मला न सांगता.
पुन्हा तीच झोपलेली काडी, पुन्हा पाचही.
माझी मान आखडली, रिसिव्हर गरम.

सव्वा वाजता नावं परत आली.
तीनशे बारा, जोडाक्षरांसकट.

मी ओळखलेल्यांत एक चुकली होती,
बोरसेबाई समजले ती त्यांची बहीण निघाली.
आणि अगदी पहिली ओळ, कंबर एकतीस, खांदा चौदा,
जी बराच वेळ बघून मी सोडून दिली होती,
कोण बाई ही, पुन्हा आलीच नाही म्हणून,
ती माझी. कॉम्प्युटर आला त्या दिवशी
फाइल जमते का बघायला स्वतःलाच टेप लावली होती.

एक कॉपी बाहेर ठेवा आता, तबस्सुमने बजावलं.
सकाळपासून वहीत उतरवतेय, दुरेघीत, शाईने.
पहिल्या ओळीपाशी उठले, टेप घेतली.
कंबर साडेपस्तीस.
आज लाइट दोनला जाणार आहे.